फायरप्लेसची दुरुस्ती: काम चोख, पण स्क्रूंनी घात केला

दुरुस्तीनंतर एक हिवाळा आणि एक वादळी हंगाम उलटला, म्हणून आता लिहितोय. काम झालं त्याच आठवड्यात लिहायला बसलो असतो तर पाच तारे देऊन मोकळा झालो असतो.

दुरुस्ती कंपनीने आतलं काम खरंच चांगलं केलंय. तडकलेल्या विटा काढून भट्टीच्या नव्या विटा बसवल्या आणि सांधे साध्या सिमेंटऐवजी उष्णता सोसणाऱ्या मसाल्याने भरले. धुराड्यात कॅमेरा सोडून काजळी दाखवली, खरवडली. पहिले काही जाळ लहानच ठेवा, ओल हळूहळू निघू द्या, असं बजावून गेले. धूर आता खोलीत येत नाही. तक्रार शून्य.

आता वरचं. समुद्रकाठच्या घरात धुराड्याला आगीपेक्षा खारी हवा जास्त छळते. म्हणून धुराड्याच्या तोंडावरची टोपी (झाकण) ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसची घेतली. ३०४ स्वस्त पडते, पण ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम हा धातू असतो आणि मिठामुळे पडणारे बारीक खड्डे तो बरेच रोखतो. हे ज्ञान मला त्यांच्याच माणसाने दिलं आणि त्याच्या जोरावर जास्तीचे पैसेही घेतले. आणि एवढी महागडी टोपी आवळली कशाने? तर जस्ताचा मुलामा दिलेल्या साध्या स्क्रूंनी!

दोन वेगळे धातू, त्यात खारट ओल, की झीज सुरू झालीच. आधी जस्त जातं, मग आतलं लोखंड. इथे पत्रा मोठा आणि स्क्रू एवढासा, त्यामुळे सगळा मार स्क्रूवर. हंगाम संपेपर्यंत धुराड्यावरून तांबूस ओघळ उतरले आणि एका स्क्रूचं डोकं तुटून पन्हळीत पडलं. चुंबक लावला, टपकन चिकटला. (३०४ की ३१६ हे चुंबकाने कळत नाही, पण साधं लोखंड कळतं.) धुराड्याच्या टोपीत हजारो घालायचे आणि चिल्लर वाचवायची ती नेमकी स्क्रूंत, हा हिशोब मला अजून उमगलेला नाही.

फोन केला तर म्हणे, ‘समुद्री हवेचा गंज वॉरंटीत येत नाही.’ अहो, किनाऱ्यावरच्या घरांसाठी खास सेवा ही जाहिरात तुमचीच ना? वर छपरावर चढायचं शुल्क वेगळं. मी देणार नाही म्हटलं, फोटो पाठवले, पुन्हा पाठवले. तेव्हा दोन तारे ठरवून टाकले होते.

मग मात्र मत थोडं बदललं. अखेर त्यांनी एक वयस्कर मिस्त्री पाठवला. त्याने मुकाट्याने ३१६ चे स्क्रू बसवले, शुल्काचं नावही काढलं नाही. विटांवर पांढरा लोणा, म्हणजे मिठाचा थर, दिसत होता. ऑफिसवाले त्यावर चकचकीत वॉटरप्रूफ रंग घ्या म्हणून मागे लागले होते. मिस्त्री म्हणाला, ‘तो घेऊ नका. ओल आत कोंडते, मीठ रंगामागे फुलतं आणि विटेचा पापुद्राच उडतो. लावायचंच तर वाफ बाहेर सोडणारं सिलेन-सिलॉक्सेन हे पाणी रोखणारं द्रव लावा, तेही वीट पूर्ण सुकल्यावर.’ स्वतःच्या कंपनीची विक्री हाणून पाडणारा माणूस आजकाल कुठे भेटतो? एक तारा केवळ त्याचा.

जाता जाता त्याने किनाऱ्यावर वाहून आलेली लाकडंही जाळू नका म्हणून सांगितलं. निळ्या-हिरव्या ज्वाळा सुंदर दिसतात, पण मिठातल्या क्लोरीनमुळे धूर विषारी होतो आणि धातूचे भाग लवकर सडतात. फुकटचं सरपण गेलं, पण पटलं.

तर सध्या तीन तारे. पुढच्या वार्षिक तपासणीचं कोटेशन मागवलंय आणि त्यात स्क्रू, क्लॅम्प, जाळी, सगळ्याचा ग्रेड लेखी द्या असं कळवलंय. उत्तर आलं, ‘विचारून सांगतो.’