जुनी उपकरणे अखंड जावीत म्हणून: पुण्यातील ‘व्ही-कलेक्ट’ संकलनाविषयी

पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतर्फे ‘व्ही-कलेक्ट’ या नावाने घरातील नको असलेल्या वस्तूंचे संकलन केले जाते. ठरलेल्या दिवशी एखाद्या वस्तीत किंवा सोसायटीच्या आवारात जुने कपडे, चपला, भांडी, फर्निचर यांच्याबरोबर बंद पडलेली विजेची उपकरणेही स्वीकारली जातात. कोथरूडमधील अशा एका संकलनात आम्ही माळ्यावर वर्षानुवर्षे पडून असलेला चित्रनळीचा टीव्ही, जळालेला मिक्सर, एक लॅपटॉप, जुने मोबाइल आणि चार्जर व वायरींचा मोठा गुंता दिला. या सेवेविषयी लिहिताना ‘पैसे किती मिळाले’ हा निकष मी बाजूला ठेवला आहे, कारण येथे वस्तू द्यायची असते, विकायची नसते. मी एकच गोष्ट पाहिली: घरातून निघालेले उपकरण ते सुरक्षितपणे उघडण्याचे ज्ञान आणि साधने ज्याच्याकडे आहेत, त्याच्यापर्यंत अखंड जाण्याची शक्यता किती आहे.

अखंड या शब्दावर मी इतका भर का देतो, ते चित्रनळीच्या टीव्हीवरून स्पष्ट होईल. कोपऱ्यावरच्या भंगाराच्या दुकानात असा टीव्ही गेला की त्याचे मागचे झाकण निघते. चित्रनळीच्या निमुळत्या मानेभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे बसवलेले असते आणि ते सोडवण्याचा सर्वांत झटपट मार्ग म्हणजे मानेवर हातोडीचा एक घाव. मान तुटते, आतल्या निर्वात पोकळीत हवा सूं करून शिरते आणि वेटोळे हातात येते. मग सर्किट बोर्ड उपसला जातो, प्लॅस्टिकचे खोके वेगळे होते, आणि मागे उरते ती काच. या काचेला गिऱ्हाईक नाही. तिच्या नरसाळ्यासारख्या मागच्या भागात वजनाच्या साधारण पंचमांश शिशाचे ऑक्साइड असते, पडद्याच्या आतल्या बाजूला फॉस्फरची भुकटी असते, आणि हे सगळे फुटक्या अवस्थेत नाल्याकाठी किंवा कचऱ्याच्या ढिगावर जाऊन पडते. वायरींचेही तसेच होते. तांबे मोकळे करण्यासाठी त्या उघड्यावर जाळल्या जातात आणि त्यांच्यावरील पीव्हीसी या प्लॅस्टिकच्या धुरातून डायॉक्सिनसारखी अत्यंत विषारी द्रव्ये बाहेर पडतात. तो धूर सर्वांत आधी जातो तो जाळणाऱ्याच्या फुफ्फुसात.

भंगारवाल्याला यात खलनायक ठरवणे मला मान्य नाही. तो माल किलोवर घेतो, तांबे, ॲल्युमिनियम आणि लोखंड यांचा भाव त्याला मिळतो, काचेचा मिळत नाही. उपकरणाचा जो भाग विकला जात नाही त्याच्या विल्हेवाटीचा खर्च त्याला कोणीही देत नाही. त्यामुळे वृत्तपत्रांची रद्दी, लोखंडी कपाट किंवा पितळी भांडी त्याच्याकडे नि:शंकपणे द्यावीत, पण ज्या वस्तूत मौल्यवान आणि घातक पदार्थ एकत्र बसवलेले आहेत ती देऊ नये, एवढा भेद करणे आपल्या हाती आहे.

दुसरा सोयीचा वाटणारा मार्ग म्हणजे नवी वस्तू घेताना जुनी बदल्यात देणे. आम्ही नवा टीव्ही घेतला तेव्हा दुकानाने ही सवलत देऊ केली होती. जुना संच पुढे कोठे जातो, असे विचारल्यावर काउंटरवरील विक्रेत्याला उत्तर देता आले नाही, आणि घरी टीव्ही पोहोचवायला आलेल्या मुलाने तर तो आपण जाता जाता भंगारात टाकू, असे सरळ सांगितले. त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल आदर ठेवूनच आम्ही संच परत माळ्यावर ठेवला. सर्वच दुकानांत असे घडते असे माझे म्हणणे नाही. पुढे वस्तू कोणत्या नोंदणीकृत पुनर्चक्रण उद्योगाकडे जाते हे जे दुकान नावानिशी सांगू शकेल, त्याची बदली योजना अवश्य स्वीकारावी. ‘आमचा माणूस घेऊन जातो’ एवढेच उत्तर मिळाले, तर त्या सवलतीची किंमत दुसरे कोणीतरी मोजत आहे असे समजावे.

आता प्रत्यक्ष संकलनाविषयी. आवारात ताडपत्र्या अंथरलेल्या होत्या आणि येणाऱ्या वस्तू तेथल्या तेथे वेगळ्या केल्या जात होत्या: कपडे एकीकडे, वापरता येतील अशी भांडी आणि खेळणी दुसरीकडे, विजेची उपकरणे तिसरीकडे. आमचा टीव्ही तेथे काम करणाऱ्या दोघींनी मिळून उतरवला तेव्हा त्यांनी तो पडद्याची जड बाजू अंगाकडे धरून उचलला. चित्रनळीच्या संचाचे जवळजवळ सगळे वजन पुढे असते आणि ज्यांना हे माहीत नसते त्यांच्या हातून तो पुढे कलंडून पडतो. ही साधी गोष्ट पाहूनच या कामातील अनुभव लक्षात आला. माझ्या पुढे असलेल्या एका गृहस्थांनी जुन्या इस्त्रीची वायर नीट गुंडाळता येईना म्हणून ती कापायला कात्री मागितली, तेव्हा ताडपत्रीवर बसलेल्या ताईंनी त्यांना थांबवले. ‘काका, कापू नका, आहे तशीच द्या. चालू असली तर कुणीतरी वापरेल.’ त्यांनी इस्त्री उलटसुलट करून पाहिली, तळाचा पत्रा बोटाने तपासला आणि ती वापरायोग्य वस्तूंच्या ढिगात ठेवली. दुरुस्तीयोग्य आणि टाकाऊ यांतली ही निवड बसल्या जागी, काही क्षणांत आणि बहुतांशी अचूक करणारी माणसे अन्यत्र सहसा भेटत नाहीत.

याचे कारण संस्थेच्या घडणीत आहे. पुण्यातील कचरावेचकांनी १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी केली आणि पुढे तिच्यातून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निर्माण झाली. २००८ पासून महापालिकेशी झालेल्या कराराने ही संस्था शहरात घरोघरी जाऊन कचरा गोळा करते. तिच्या सभासदांत बहुसंख्य महिला आहेत, आणि संस्था त्यांच्याच मालकीची आहे. आपल्या दारावर रोज सकाळी येणाऱ्या ताई या कुणा ठेकेदाराच्या नोकर नसून या संस्थेच्या भागधारक आहेत, ही गोष्ट पुष्कळ पुणेकरांच्या ध्यानात नसते. कोणती वस्तू कोणत्या पदार्थाची आहे, तिला बाजार कोठे आहे आणि कोणत्या वस्तूने हात पोळतो हे त्यांनी पुस्तकातून शिकलेले नाही. ई-कचऱ्याची व्यवस्था उभारताना या ज्ञानाला वगळून केवळ गाड्या आणि यंत्रे आणणारी योजना मला अपुरी वाटते. ‘व्ही-कलेक्ट’चा सर्वांत मोठा गुण हाच, की तिथे हे ज्ञान वापरले जाते आणि वापरायोग्य वस्तूंचा लाभही ते ज्ञान असलेल्यांच्या हाती जातो. उघडण्याजोगी आणि घातक उपकरणे मात्र न फोडता पुढे नोंदणीकृत पुनर्चक्रण उद्योगाकडे पाठवली जातात, असे मी चौकशी केल्यावर सांगण्यात आले. हा प्रश्न प्रत्येकाने विचारावा, कारण देणाराच विचारत नसेल तर उत्तर तयार ठेवण्याची गरज कुणालाच वाटणार नाही.

कायद्याची चौकट या बाबतीत आता पुरेशी स्पष्ट आहे. केंद्र सरकारने २ नोव्हेंबर २०२२ रोजी अधिसूचित केलेले ई-कचरा व्यवस्थापन नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांच्या यादीत १०६ प्रकारची उपकरणे आहेत. आधीच्या नियमांत ही संख्या २१ होती. त्यामुळे मिक्सर, इस्त्री, खेळणी, वैद्यकीय उपकरणे असे कितीतरी प्रकार आता कक्षेत आले आहेत. उपकरण बाजारात आणणाऱ्या उत्पादकावर त्याच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी टाकण्यात आली असून त्याचे लक्ष्य २०२३-२४ साठी ६० टक्के होते आणि २०२७-२८ पासून ते ८० टक्के होईल. उत्पादक हे लक्ष्य नोंदणीकृत पुनर्चक्रण उद्योगांकडून पुनर्चक्रण केल्याची प्रमाणपत्रे विकत घेऊन पूर्ण करतात, आणि ती प्रमाणपत्रे सोने, तांबे, लोखंड आणि ॲल्युमिनियम या धातूंच्या हिशेबावर आधारलेली आहेत. ही रचना मला योग्य वाटते, परंतु तिच्यात एक फट राहते: ज्या चित्रनळीतून तांबे आधीच ओढून काढले गेले आहे तिच्यासाठी पुनर्चक्रण उद्योगाला आकर्षण उरत नाही, आणि काच पुन्हा अनाथच राहते. म्हणून वस्तू अखंड जाणे हे कारखान्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे. संयुक्त राष्ट्रांशी संलग्न संस्थांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील केवळ २२.३ टक्के कचऱ्याचे संकलन व पुनर्चक्रण रीतसर झाल्याची नोंद आहे. उरलेल्याचा मोठा भाग लोकांच्या कपाटांत, कचरा डेपोवर आणि हातोडीखाली आहे.

तथापि सगळेच येथे घेऊन जावे असे नाही. इन्व्हर्टरची शिसे-आम्लाची बॅटरी अशा संकलनात नेऊ नये. ती जड असते, तिच्यात सल्फ्युरिक आम्ल असते आणि बॅटरीविक्रेते जुनी बॅटरी परत घेऊन नव्या बॅटरीच्या किमतीत वजावट देतात, ही पद्धत आपल्याकडे चांगली रुळलेली आहे. मिक्सर, पंखा, रेडिओ यांच्या बाबतीत आधी दुरुस्तीचा विचार करावा. बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत आणि तिच्या आसपास सुटे भाग मिळतात व कारागीरही भेटतात. आमच्या मिक्सरची मोटर पूर्ण जळली होती आणि ती पुन्हा गुंडाळण्याचा खर्च परवडणारा नव्हता, तेव्हाच आम्ही तो सोडला. फ्रिज द्यायचा असेल तर आधी फोन करून चौकशी करावी आणि कोणत्याही परिस्थितीत कंप्रेसर काढून उरलेला सांगाडा देऊ नये. कंप्रेसरची नळी कापली की आतला वायू हवेत जातो. बऱ्याच फ्रिजमध्ये असलेल्या आर-१३४ए या वायूची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट आहे आणि अशा घरगुती फ्रिजमध्ये तो साधारण शंभर-दीडशे ग्रॅम असतो. त्याहून जुन्या फ्रिजमधला आर-१२ तर ओझोनच्या थरालाही घातक आहे.

सर्वांत जास्त काळजी घ्यावी ती लिथियमच्या बॅटऱ्यांची. आमच्या लॅपटॉपची बॅटरी फुगली होती. टचपॅड वर उचलला गेला होता आणि झाकण नीट मिटत नव्हते. अशी बॅटरी चार्ज करू नये, दाबू नये, टोचू नये आणि दुसऱ्या सामानाबरोबर पिशवीत कोंबू नये, कारण आतील थरांचा एकमेकांना स्पर्श झाला तर ती पेट घेते आणि ती आग सहज विझत नाही. आम्ही लॅपटॉप वेगळ्या पत्र्याच्या डब्यात, खाली-वर कोरडी वाळू घालून नेला आणि हातात देतानाच ‘बॅटरी फुगली आहे’ असे सांगितले. तो लगेच बाकीच्या ढिगापासून दूर ठेवण्यात आला. हे सांगणे देणाऱ्याचे कर्तव्य आहे. पोत्यात हात घालणाऱ्या माणसाला आत काय आहे हे ठाऊक नसते.

माहिती पुसण्याचे कामही कोणत्याही संकलन केंद्रावर सोडू नये. मोबाइलमधून सिम आणि मेमरी कार्ड काढावे, गूगल किंवा ॲपल खात्यातून बाहेर पडावे आणि मगच फॅक्टरी रीसेट करावा. खाते तसेच राहिले तर पुढच्या माणसाला तो फोन उघडता येत नाही आणि चांगला चालणारा फोनही केवळ भंगार ठरतो. लॅपटॉपची हार्ड डिस्क नुसती फॉरमॅट करून भागत नाही. झटपट फॉरमॅटने फायलींची यादी जाते, मजकूर बहुतांशी जागेवरच राहतो. संपूर्ण डिस्क पुन्हा लिहून पुसणारे साधन वापरावे, किंवा आम्ही केले त्याप्रमाणे डिस्क काढून घरी ठेवावी. लॅपटॉप अखंड देण्याच्या माझ्या आग्रहाला हा एकच अपवाद मी मान्य करतो.

मर्यादा सांगायची तर, संकलन ठरावीक दिवशी आणि ठरावीक जागी असते, त्यामुळे लक्ष ठेवून तारीख साधावी लागते. एकट्या राहणाऱ्या वयस्क माणसाला चित्रनळीचा टीव्ही तिथवर नेणे अवघड आहे. सोसायट्यांनी वर्षातून एकदा-दोनदा आपल्याच आवारात संकलन बोलावले तर ही अडचण बरीचशी दूर होईल, आणि त्यासाठी कमिटीच्या सभेत एक विषय मांडण्यापलीकडे फारसे काही लागत नाही. जळालेल्या ट्यूबलाइट आणि सीएफएल दिव्यांचा प्रश्न मात्र वेगळाच राहतो. त्यांत पाऱ्याची वाफ असते आणि २०१६ च्या घनकचरा नियमांनी त्यांना घरगुती घातक कचऱ्यात धरले होते. उपकरणांच्या ढिगात टाकल्या तर त्या हमखास फुटतात. आम्ही त्या मूळ पुठ्ठ्याच्या आवरणात घालून, बाहेर मोठ्या अक्षरांत लिहून, दारावर येणाऱ्या ताईंना आधी विचारून वेगळ्या दिल्या. ज्यांच्याकडे आवरण उरलेले नाही त्यांनी वर्तमानपत्राचे जाड थर गुंडाळून दोन्ही टोके दोरीने बांधावीत.