डिस्पेज-टू: त्वचेच्या मूलपेशी सोडवायला घ्यावं का?

डिस्पेज-टू हे प्रथिनं तोडणारं एन्झाइम घ्यावं, पण केसांच्या मुळांसाठी नाही.

बाह्यत्वचेच्या मूलपेशी सगळ्यात तळच्या थरात, आधारपटलाला (बाह्यत्वचा आणि तिच्याखालची अंतस्त्वचा यांच्यामधला पातळ पडदा) घट्ट धरून बसलेल्या असतात. त्वचा नुसत्या ट्रिप्सिनमध्ये (हेही प्रथिनं तोडणारं एन्झाइम) रात्रभर ठेवली की फट बरेचदा त्या थराच्या वरून पडते आणि नेमक्या हव्या त्या पेशी खाली अंतस्त्वचेवर राहतात. डिस्पेज आधारपटलातलं फायब्रोनेक्टिन आणि चौथ्या प्रकारचं कोलॅजन ही प्रथिनं तोडतं, म्हणून तळचा थर सलग वर येतो. पैसे मोजायचे ते याच गुणासाठी.

आधी चरबी पार खरवडून काढा, नाहीतर एन्झाइम खालून आत शिरत नाही. मग ३-४ मिलिमीटरच्या पट्ट्या कापा आणि मिलिलिटरला सुमारे २.४ युनिटच्या द्रावणात ४ अंशांवर रात्रभर ठेवा. मिलिग्रॅमवर हिशेब करू नका, कारण लॉट बदलला की मिलिग्रॅममागची युनिटं बदलतात. सकाळी चिमट्याने कड उचलून बघा: दुधावरच्या सायीसारखा अख्खा पापुद्रा सुटला पाहिजे. ओढावं लागत असेल तर थोडा वेळ ३७ अंशांवर ठेवा. नंतर पापुद्रा ०.०५ टक्के ट्रिप्सिन-ईडीटीएमध्ये (ईडीटीए म्हणजे धातूंचे आयन बांधून ठेवणारं रसायन) दहाएक मिनिटं, सीरम घालून थांबवायचं, ७० मायक्रॉनच्या जाळीतून गाळायचं.

फसगत होते ती इथे: सीरमने ट्रिप्सिन थांबतं, डिस्पेज थांबत नाही. म्हणून पापुद्रा दोनदा नीट धुवा. उलट ईडीटीएने डिस्पेज बंद पडतं, त्यामुळे ते ईडीटीए असलेल्या बफरमध्ये कधीच विरघळवू नका. द्रावण गढूळ दिसतं आणि ०.२२ मायक्रॉनचा फिल्टर लगेच तुंबतो, आधी ०.४५ मधून काढा.

आणखी एक मर्यादा आहे. पेशींवरची काही पृष्ठप्रथिनंही ते कुरतडतं. अल्फा-६ इंटिग्रिन भरपूर आणि सीडी७१ कमी (ही दोन्ही पृष्ठप्रथिनंच), अशा पेशी सॉर्टरवर, म्हणजे पेशी वेगळ्या करणाऱ्या यंत्रावर, निवडणार असाल तर अँटिबॉडी याच एन्झाइममधून गेलेल्या पेशींवर आधी तपासा. तरी शेवटचा निकाल वसाहतीच देतात. बॅरँडन आणि ग्रीन यांनी १९८७ मध्ये एकेका पेशीपासून वाढवलेल्या वसाहतींवरून होलोक्लोन (सगळ्यात जास्त वाढू शकणाऱ्या पेशींच्या वसाहती) ओळखले, तीच कसोटी ३टी३ पेशींच्या (उंदराच्या आधार देणाऱ्या पेशी) थरावर लावा.

केसांच्या मुळांमधल्या, म्हणजे बल्ज या त्यांच्या फुगीर भागातल्या मूलपेशी हव्या असतील तर पापुद्र्यावर विसंबू नका. पूर्ण वाढलेल्या केसाचं मूळ खोल असतं, पापुद्रा सोलताना त्याचा बराच भाग अंतस्त्वचेत तुटून राहतो. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली मुळं एकेक करून सुटी करणंच बरं.