दिल्ली–पुणे शेवटची फ्लाइट, मे ते फेब्रुवारी: दार बंद झालं की उशीर संपतो

तिकीट स्वस्त, सीट बऱ्या, बॅगा लवकर येतात, क्रू सभ्य. तरीही या फ्लाइटला मी पाचपैकी दोनच स्टार देतेय, आणि डिसेंबरमध्ये लिहायला बसले असते तर एकच दिला असता. कारण एकच आहे. ही कंपनी तुम्हाला विमानात बसवते, दार लावते, आणि त्या मिनिटापासून तिच्या लेखी उशीर संपतो. पुढे तुम्ही धावपट्टीच्या रांगेत तीन तास बसलात तरी तिच्या नोंदीत तुमचं विमान वेळेवर निघालेलं असतं.

कंपनीचं नाव लिहीत नाही, माझी तक्रार अजून पूर्ण मिटलेली नाही.

माझा भोसरीला रबर पार्ट्सचा छोटा कारखाना आहे आणि मोठं गिऱ्हाईक दिल्लीजवळच्या मानेसरला. मे महिन्यात नव्या पार्टच्या ट्रायल सुरू झाल्या आणि दिल्लीच्या खेपा वाढल्या. तिकीट माझ्या खिशातून जातं, त्यामुळे परतीला कायम रात्री साडेनऊची शेवटची फ्लाइट. संध्याकाळच्या फ्लाइटपेक्षा ती दीड-दोन हजारांनी स्वस्त पडते आणि हॉटेलची रात्रही वाचते. लेगरूम, सात किलोची केबिन बॅग, वेब चेक-इन हे सगळ्यांना माहीत आहे, त्यात वेळ घालवत नाही.

पहिल्या खेपा छान गेल्या. मे अखेरीला दिल्लीत आंधी आली, तेव्हा पहिल्यांदा विमानात अडकलो. धूळ, वारा, मग पाऊस. सगळे बसलेले, दार बंद, विमान मागे सरकून उभं. दिल्लीत त्या दिवसांत रात्रीही हवा तापलेली असते आणि आत गारवा म्हणावा असा नव्हताच. जमिनीवर इंजिनं बंद असताना विमानाच्या शेपटीतलं छोटं इंजिन, एपीयू, वीज आणि एसीची हवा पुरवतं. ते तासाला शंभरेक किलो इंधन पितं आणि भर उन्हाळ्यात भरलेलं विमान गार ठेवायला अपुरं पडतं. 'इंजिन सुरू झालं की गार होईल' हे वाक्य त्या रात्री पाच-सहा वेळा ऐकलं. सव्वा तासाने निघालो. आंधी कोणाच्या हातात नसते म्हणून तेव्हा तक्रार केली नाही. फक्त एक गोष्ट खटकली: घरी पोचून अ‍ॅप उघडलं तर त्यात 'वेळेवर निघाले' असं हिरव्या अक्षरात लिहिलेलं होतं.

पावसाळा बरा गेला. पुण्याच्या लोहगाव विमानतळावर एकच धावपट्टी, तीही हवाई दलाची, त्यामुळे मुसळधार पाऊस असला की वर घिरट्या होतात, पण त्याची पुणेकरांना सवय आहे.

मग डिसेंबर. धुक्याची रात्र. बोर्डिंग वेळेत झालं, दार लागलं, ९:३२ ला विमान गेटवरून मागे सरकलं. उड्डाण झालं पाऊण वाजता. म्हणजे सव्वातीन तास आम्ही टॅक्सीवेवर, गेट आणि धावपट्टीच्या मधल्या रस्त्यावर, बसून होतो, पट्टे बांधून. बाहेर पिवळे दिवे आणि पुढच्या विमानाची शेपटी, बाकी काही नाही. रांग कधीही पुढे सरकेल म्हणून सीटबेल्टचा दिवा चालूच. टॉयलेटला उठलं की क्रूची मुलगी खाली बसायला सांगायची, आणि तिचंही चूक नव्हतं. कॅप्टनची घोषणा पहिल्या तासात एक, नंतर शांतता.

माझ्या शेजारी पासष्टीच्या काकू होत्या, पुण्याला मुलाकडे निघालेल्या. त्यांनी हळूच सांगितलं, "अगं, मी बोर्डिंगच्या आधीच इन्सुलिन घेतलंय. वर गेल्यावर खायचं ठरवलं होतं." तोपर्यंत तास उलटून गेला होता आणि त्यांच्या हाताला कंप सुटला होता. मी बेल दाबली. त्या मुलीने धावत साखर घातलेला ज्यूस आणला, पैसे घेतले नाहीत, काकूंच्या पायाशी बसून राहिली. तिला माझ्याकडून पाच स्टार. पण ज्यूसवर भागणार नव्हतं, पोटात काहीतरी जायला हवं होतं. सँडविच मागितलं तर त्याचे पैसे. दोन सँडविच आणि चहा, साडेनऊशे रुपये.

इथून माझा विषय सुरू होतो, आणि ज्यांना साडेनऊशेंसाठी एवढं लिहिणं जास्त वाटतं त्यांनी हा परिच्छेद तरी वाचावा. विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी डीजीसीएचा नियम आहे. ब्लॉक टाइम, म्हणजे गेट सोडल्यापासून पुढच्या गेटला लागेपर्यंतचा ठरलेला वेळ, अडीच तासांपर्यंत असलेल्या उड्डाणाला दोन तास किंवा जास्त उशीर होणार असेल, तर कंपनीने खाण्यापिण्याची सोय फुकट करायची. अडीच ते पाच तासांच्या उड्डाणाला ही मर्यादा तीन तासांची आहे. दिल्ली–पुणे अडीच तासांच्या आत बसतं. म्हणून साडेअकरा वाजून गेल्यावर मी विचारलं, "आता सगळ्यांना खाणं मिळायला हवं ना?" सीनिअर क्रूने टॅब दाखवला. "मॅडम, सिस्टिममध्ये डिले नाहीच आहे. आपण ऑन टाइम निघालोय." तिच्या हातात काही नव्हतं. टॅबवर उशीर दिसला तरच पुढची सोय उघडणार, आणि टॅबच्या मते आम्ही दोन तासांपूर्वीच निघालो होतो.

पुण्यात माझा नवराही त्याच नोंदीवर विसंबून होता. अ‍ॅपवर 'निघाले' वाचून तो बाराच्या आधी लोहगावला पोचला आणि पहाटे तीनपर्यंत विमानतळाच्या एरोमॉल पार्किंगमध्ये थांबला. पार्किंगचे पैसे वेगळे.

विमान क्षेत्रात 'वेळेवर' ठरवायची जुनी पद्धत अशी: गेटवरून मागे सरकण्याची वेळ धरायची आणि ठरल्या वेळेपासून १५ मिनिटांच्या आत सरकलं तर वेळेवर. डीजीसीए दर महिन्याला कंपन्यांची टक्केवारी छापतं, कंपन्या तिची जाहिरात करतात. दिल्लीत उड्डाणांची रांग आहे हे गेटवर माहीत असूनही आम्हाला टर्मिनलच्या खुर्च्यांवरून उठवून आत का कोंबलं, याचं उत्तर मला या टक्केवारीत दिसलं. तिसऱ्या दिवशी ईमेल केला. उत्तर आलं: 'आपले विमान नियोजित वेळेनंतर २ मिनिटांनी निघाले, त्यामुळे विलंबाची सुविधा लागू होत नाही.' त्यावर मी बोर्डिंग पास, सँडविचची पावती आणि उड्डाणाची खरी वेळ दाखवणारा, विमानांचा माग दाखवणाऱ्या फ्लाइटरडार२४ चा स्क्रीनशॉट जोडून सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवली.

त्याच रागात मी वाचत गेले. अमेरिकेतही एके काळी हेच होतं. १४ फेब्रुवारी २००७ ला बर्फाच्या वादळात न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर जेटब्लूच्या विमानांत लोक दहा-दहा तास बसून राहिले. ऑगस्ट २००९ मध्ये मिनेसोटातल्या रोचेस्टरला एका छोट्या विमानात प्रवाशांनी रात्र काढली, टर्मिनल समोर असताना. त्याआधी डिसेंबर २००६ मध्ये ऑस्टिनला असंच अडकल्यावर केट हॅनी नावाच्या बाईंनी प्रवाशांची संघटना उभी केली. त्या घरं विकण्याच्या व्यवसायात होत्या, कायद्याशी संबंध नव्हता. २०१० पासून तिथे नियम आहे: देशांतर्गत उड्डाणात तीन तासांच्या आत प्रवाशांना उतरायची संधी द्यायची, दोन तासांच्या आत पाणी आणि खाणं, टॉयलेट चालू हवीत. मोडलं तर प्रवाशागणिक २७,५०० डॉलरपर्यंत दंड असं तेव्हा ठरलं. या धाकाने कंपन्या उड्डाणं आधीच रद्द करतात अशी टीका तिथे झाली, आणि ती खोटी नाही. पण रद्द झालं तर निदान मी खुर्चीवर असते, टॉयलेटला जाऊ शकते, काकूंना जेवायला मिळतं.

आपल्याकडेही काही हललंय. १४ जानेवारी २०२४ ला गोव्याहून दिल्लीला निघालेलं विमान आधीच कित्येक तास उशिरा, त्यात धुक्यामुळे मुंबईला वळवलं, आणि लोक विमानाशेजारी डांबरावर बसून जेवले. तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. विमानतळांची सुरक्षा बघणाऱ्या सरकारी बीसीएएसने इंडिगोला १ कोटी २० लाखांचा आणि मुंबई विमानतळालाही दंड केला. त्यानंतर मार्च २०२४ च्या शेवटी बीसीएएसने सूचना काढली की बसल्यावर लांबलचक उशीर झाला तर प्रवाशांना डिपार्चर गेटमधूनच परत आत घेता येईल. त्याआधी उतरवलं तर अरायव्हलमधून बाहेर काढून सिक्युरिटीपासून सगळं पुन्हा, म्हणून कोणी दार उघडायलाच तयार नसे. वाट आता मोकळी आहे. ती वापरायची कधी, हे मात्र प्रवाशाला कळत नाही.

इथवर लिहून मी हा रिव्ह्यू एका स्टारवर टाकणार होते. मग जानेवारीतली खेप झाली आणि मत हललं.

तीच कंपनी, तीच साडेनऊची फ्लाइट, तसंच धुकं. या वेळी बसलो, पण दार उघडं आणि एरोब्रिज लागलेला. नऊ पंचविसला कॅप्टन कॉकपिटमधून बाहेर आले, पुढच्या पडद्यापाशी उभे राहिले आणि माइक हातात घेऊन सगळ्यांना दिसतील असे बोलले. धावपट्टीवरची दृश्यता आत्ता ७५ मीटर आहे. दाट धुक्यात विमान उतरवणाऱ्या कॅट-थ्री यंत्रणेवर उतरायला ५० मीटर चालतात, पण उड्डाणाला १२५ लागतात. म्हणजे विमानं उतरत राहतात आणि निघत कोणीच नाही, त्यामुळे गेट भरत जातात. ते म्हणाले, "मला दार लावून मागे सरकायला सांगितलं जाईल, कारण या जागेवर उतरणारं विमान आणायचंय. मी तोपर्यंत थांबतोय. ज्यांना टॉयलेटला जायचंय, फोन करायचाय, आत्ता करा. घरी सांगा, साडेअकराच्या आधी आपण निघत नाही."

मी उठून पुढे गेले आणि डिसेंबरचं विचारलं. त्यांनी टाळलं नाही. दार उघडायचं टाळतात त्याला टक्केवारीपलीकडेही कारणं असतात, असं म्हणाले. परत गेटला आलं तर रांगेतला नंबर जातो. एक जरी प्रवासी उतरून गेला तरी त्याची बॅग पोटातून शोधून काढावी लागते, त्यात अर्धा-पाऊण तास. आणि क्रूच्या ड्यूटीचे तास भरत आले असतील तर नवा क्रू येईपर्यंत उड्डाणच नाही, मग सगळेच सकाळपर्यंत अडकतात. हे मला पटलं. गेटची टंचाई हे कारण तर माझ्या डोक्यातही नव्हतं, आणि दिल्लीच्या धुक्यात ते खरं आहे. दहाला चहा आणि बिस्किटं आली, कोणी न मागता, फुकट. अकरा चाळीसला निघालो. विमानात एकही आवाज चढला नाही.

म्हणून दुसरा स्टार. तो त्या कॅप्टनचा आहे आणि डिसेंबरच्या त्या क्रूच्या मुलीचा. बाकीचे तीन अजून रोखून धरलेत, कारण जे जानेवारीत जमलं ते डिसेंबरमध्ये करायला कंपनीला एक पैसा जास्त लागला नसता. माहिती तीच होती, रांग तीच होती. फरक एवढाच की एका माणसाने बोलायचं ठरवलं. चांगला कॅप्टन मिळाला तर चांगला प्रवास, हे दैवावर सोडायची गोष्ट नव्हे, साडेपाच हजार भरून घेतलेल्या तिकिटात ते यायलाच हवं.

ही फ्लाइट घेणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी. कंपनीच्या अ‍ॅपवरचं 'निघाले' वाचून कोणालाही विमानतळावर पाठवू नका, फ्लाइटरडारवर विमान हवेत दिसलं की मगच घरून निघायला सांगा. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी अखेरपर्यंत दिल्लीहून रात्रीचं तिकीट घेऊ नका, दुपारी दोन-तीनची घ्या. दीड-दोन हजार जास्त जातात, मला ते फार लागतात, पण त्या दिवसांत मी देते. मधुमेह असेल तर जेवणाआधी घ्यायच्या इन्सुलिनची वेळ बोर्डिंगवर नाही, जेवण हातात आल्यावर. खाणं स्वतःचं ठेवा, सिक्युरिटीला पोळीभाजीला हरकत नसते. रात्री आठ ते पहाटे तीन या वेळेतलं उड्डाण सहा तासांहून जास्त लांबलं तर राहण्याची सोय कंपनीने करायची असते, हेही लक्षात ठेवा आणि काउंटरवर स्पष्ट मागा. पावती आणि वेळा दिसणारे फोटो जपून ठेवा, ईमेलमधल्या नुसत्या रागाला उत्तर मिळत नाही.

तक्रारीचं पुढे काय झालं ते सांगते. एअरसेवावर नोंद झाल्यावर कंपनीच्या नोडल ऑफिसरचा, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याचा, फोन आला. आधी हजाराचं व्हाउचर देत होते, सहा महिन्यांत वापरायचं. ते घेतलं नाही. सँडविचचे पैसे सँडविचसारखेच परत हवेत, पुढच्या तिकिटात अडकलेले नकोत. गेल्या आठवड्यात साडेनऊशे कार्डवर जमा झाले. 'सदिच्छा म्हणून' असं लिहून. नियम म्हणून नाही.

त्यामुळे दुसरी मागणी चालू ठेवली आहे. अ‍ॅपवर दोन वेळा दाखवा, गेट सोडल्याची आणि उड्डाणाची. आणि खाण्याच्या दोन तासांची मोजणी उड्डाण होईपर्यंत चालू ठेवा, दार लावेपर्यंत नाही. याचं उत्तर आलं की इथेच खाली लिहीन. मार्चची तिकिटं काढली आहेत, त्याच साडेनऊच्या फ्लाइटची. धुकं गेलंय आणि दर अजून तोच आहे.