बायोडिझेलसाठी चिकनची चरबी घ्यायची की फरसाणवाल्याचं जळकं तेल? नाशिककरांसाठी

अंबड किंवा सिन्नरला छोटा बायोडिझेल प्लँट टाकायचा विचार करणारे बहुतेक जण आधीच ठरवून बसलेले असतात की तेलच बरं, चरबी थंडीत गोठते. हे अर्धंच खरं आहे. मटणाच्या चरबीत साधारण निम्मं संपृक्त फॅट असतं, ती गोठणारच, पण पाम तेलातही तेवढंच असतं आणि फरसाण-वेफर्सवाले भरपूर पामच वापरतात. चिकनच्या चरबीत ते ३० टक्क्यांच्या आसपास, सोयाबीनमध्ये १५.

मागच्या डिसेंबरात पाम, चिकन आणि सोयाबीन तिन्हींचं बायोडिझेल बाटल्यांत भरून रात्रभर गच्चीवर ठेवलं, सकाळी पामवाली बाटली खोबरेलासारखी पांढरी घट्ट, चिकनवाली गढूळ पण ओतता येत होती, सोयाबीनवाली एकदम स्वच्छ. निफाडला पारा ५ च्या खाली जातो हो, ट्रॅक्टरचा फिल्टर चोक झाला की कळतं. म्हणून जळकं तेल घेताना मूळ तेल कुठलं होतं हे विचाराच, किंवा हिवाळ्यात डिझेलमध्ये थोडंच मिसळा.

आता आम्लाचं. चिकनच्या दुकानातली चरबी त्याच दिवशी कढवली, पाणी पूर्ण उडवलं, चोथा गाळला तर माल छान निघतो, पण दोन दिवस उन्हात बादलीत राहिली तर आम्ल इतकं वाढतं की बायोडिझेल करायला मेथॅनॉलसोबत कॉस्टिक सोडा टाकल्यावर साबणच होतो, सोबत निघणारं ग्लिसरीन तळाशी वेगळं बसतच नाही. माझी एक अख्खी बॅच अशी वाया गेलीये. मग ते आम्ल कमी करायला आधी मेथॅनॉल आणि सल्फ्युरिक अ‍ॅसिडची स्टेप करावी लागते, खर्च आणि धोका दोन्ही वाढतात. जळक्या तेलातही पाणी आणि बेसनाचा गाळ असतो, पण ते टिकतं, आठवड्यातून एकदा उचललं तरी चालतं.

मिळण्याचं म्हणाल तर २०१८ पासून पोलर कंपाउंड (तेल पुन्हापुन्हा तापवल्यावर वाढणारे खराब घटक) २५ टक्क्यांवर गेलेलं तेल पुन्हा तळायला वापरता येत नाही, त्यामुळे हॉटेलवाले द्यायला तयार असतात, पण मोठे कलेक्टर आधीच करार करून बसलेत. चरबीला तेवढी स्पर्धा नाही. वास मात्र भयंकर, वस्तीजवळ कढवायचा विचारही करू नका.

पुढचं गणित दोन्हीकडे सारखंच, १०० लिटरला साधारण २० लिटर मेथॅनॉल, ग्लिसरीन १० च्या आसपास. मेथॅनॉल विषारी आणि ज्वालाग्राही, परवान्याशिवाय साठा करू नका.

माझं मत, नवीन असाल तर सोयाबीनच्या जळक्या तेलापासून सुरू करा. स्वतःची पोल्ट्री ड्रेसिंग युनिट असेल, चरबी रोज ताजी मिळत असेल आणि इंधन तिथल्याच बॉयलरला जाळायचं असेल, तर चिकनची चरबी डोळे झाकून घ्या.