ऑक्टोबरचं बेसबॉल: ऐकायचं की बघायचं?

मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगमध्ये, १६२ सामन्यांनंतर ३० पैकी १२ संघ उरतात आणि मग महिनाभर श्वास रोखायला लावणारं बेसबॉल सुरू होतं. भारतातून ते मनापासून फॉलो करायचं तर अडचण वेळेची. वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे सात सामन्यांपर्यंत चालणाऱ्या अंतिम मालिकेचा, सामना अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्री आठच्या पुढे सुरू होतो, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या सुमारास. लीगच्या अ‍ॅपवर व्हिडिओ आणि ऑडिओ अशी वेगवेगळी सबस्क्रिप्शन मिळतात. ऑडिओ बरंच स्वस्त पडतं, पण मुद्दा फक्त पैशाचा नाही.

एखाद्या संघावर तुमचा जीव जडला असेल, तर माझं मत सरळ ऑडिओला. ऑक्टोबर उजाडला की अमेरिकेत टीव्हीचं प्रक्षेपण राष्ट्रीय वाहिन्यांकडे जातं आणि उन्हाळाभर कानात बसलेला आवाज पडद्यावरून गायब होतो. रेडिओवर मात्र संघाचे नेहमीचे समालोचक शेवटच्या सामन्यापर्यंत असतात. कोणता पिचर (चेंडू टाकणारा) जूनमध्ये चाचपडत होता, कोणता बॅटर फुल काउंटवर (तीन बॉल, दोन स्ट्राइक झाल्यावर) घाई करतो, हे त्यांना तोंडपाठ असतं. शिवाय हा खेळ ऐकायला फार सोयीचा. पिच क्लॉक, म्हणजे चेंडू टाकण्याची वेळमर्यादा, आहे; तिच्यानुसार पिचरला बेस रिकामे असताना १५ आणि कुणी बेसवर असताना १८ सेकंद मिळतात. तेवढ्यात काउंट (बॉल-स्ट्राइकचा हिशेब) किती, कोण कुठल्या बेसवर, आउटफिल्डर किती मागे उभे आहेत, सगळं सांगून होतं. डबे भरता भरता, लोकलमध्ये उभ्या उभ्याही सामना सुटत नाही. २०२५ च्या वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना नेहमीच्या नऊऐवजी १८ इनिंग चालला. लॉस एंजेलिस डॉजर्सच्या फ्रेडी फ्रीमनच्या होमरनने (चेंडू थेट मैदानाबाहेर) तो संपला, तेव्हा आपल्याकडे मंगळवारची दुपार झाली होती. कामाच्या दिवशी एवढा वेळ पडद्यासमोर कोण बसू शकणार?

पण त्याच मालिकेचा सातवा सामना नुसता ऐकला असता, तर मला कायमची रुखरुख लागली असती. टोरांटोत नववी इनिंग, ४-४ बरोबरी, तिन्ही बेसवर टोरांटोचे रनर, एक धाव झाली की डॉजर्स हरले. डॉजर्सच्या मिगेल रोहासने घसरता घसरता चेंडू उचलून होम प्लेटकडे फेकला. कॅचर विल स्मिथचा पाय प्लेटवरून क्षणभर उचलला गेला आणि रनर पोचायच्या जेमतेम आधी परत टेकला. आउट! रिप्लेत तो बूट आणि ती प्लेट बघताना जे वाटलं, ते कुठलाही समालोचक शब्दांत पकडू शकला नसता. पुढच्याच बॅटरचा उंच फटका अँडी पाहेसने स्वतःच्याच सहकाऱ्याला धडकून झेलला आणि डॉजर्स वाचले. अकराव्या इनिंगमध्ये ते जिंकलेही. (त्याच रविवारी नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला. असा दिवस पुन्हा मिळणं कठीण.)

ज्यांचा हा पहिलाच ऑक्टोबर आहे, त्यांनी मात्र निःशंकपणे व्हिडिओ घ्यावा. स्लायडर (आडवा वळणारा वेगवान चेंडू) कसा वळतो हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय कानांना त्याची ओळख पटत नाही. जुन्या चाहत्यांपैकी ज्यांना दोन्ही परवडतं, त्यांनी सहाव्या इनिंगपर्यंत ऐकावं आणि सातवीपासून पडदा लावावा. साधारण साडेसात वाजलेले असतात, चहा झालेला असतो आणि बुलपेनमधून (राखीव पिचर जिथे तयारी करतात तिथून) नवे पिचर यायला लागतात.

अजून ठरत नसेल, तर वाइल्ड कार्ड फेरीपर्यंत, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या फेरीपर्यंत, थांबा. त्यातले दुपारचे सामने आपल्याकडे रात्री साडेदहाच्या आसपास सुरू होतात, त्यामुळे गजर न लावता एक ऐकून आणि एक बघून निवड करता येते.