नाट्यवर्गासाठी पझल मॅट : सोळा पुरे

दुकानात तिला पझल मॅट म्हणतात, आखाड्यातली मुलं ज्युदो मॅट म्हणतात. ईव्हीए फोमचा (रबरासारखा हलका, दबणारा फोम) १ मीटर बाय १ मीटरचा चौकोन, चारी कडांना दाते, एकात एक अडकवायचे. समाजमंदिरात किंवा शाळेच्या रिकाम्या वर्गात नाट्यशिबिर लावायचं, त्यात शारीर अभिनय आणि गटाचं इम्प्रोव्हायझेशन (आयत्या वेळी सुचेल तसा अभिनय) शिकवायचं ठरलं की पहिली खरेदी या मॅटची होते. आणि बहुतेक वेळा ती गरजेपेक्षा जास्त होते. २० बाय ३० फुटांची खोली भिंतीपासून भिंतीपर्यंत झाकायला सुमारे ५४ मॅट लागतात. तेवढ्या घेऊ नका. वीस विद्यार्थ्यांच्या वर्गाला १६ पुरतात, आणि उरलेली जमीन उघडी राहते हे त्यातलं अर्धं काम आहे.

आधी जाडी. १० ते १२ मिलिमीटरच्या मॅट लहान मुलांच्या खेळण्याच्या खोलीसाठी असतात. मोठा माणूस कडेवर पडला की कमरेचं हाड थेट फरशीला लागतं. ४० मिलिमीटरची उचलून फेकण्याच्या कुस्तीसाठी ठीक. तिच्यावर चालताना पाऊल डगमगतं, घोटा मुरगळतो. नाटकवाल्यांनी २५ मिलिमीटरची घ्यावी. दुकानात दोन परीक्षा कराव्यात. मॅटवर एका गुडघ्यावर सगळा भार टाकून बघा. खालची फरशी जाणवली तर परत ठेवा. दुसरी वजनाची. घनमीटरला १०० किलो घनतेची मॅट असेल तर २५ मिलिमीटरच्या एका चौकोनाचं वजन अडीच किलो भरायला हवं. दुकानदाराच्याच काट्यावर ठेवा. दीड किलोच्या आत भरली तर आत नुसती हवा आहे, एका शिबिरात तिला खड्डे पडतील. २ फुटी तुकडे मोटारसायकलवर नेता येतात म्हणून मोह होतो, पण सांधे बरेच वाढतात आणि लोळण घेताना नेमके तेच उघडतात.

आता मॅटमुळे काय मिळतं ते. शहाबादी फरशीवर किंवा कोब्यावर पोट्टे गुडघे टेकत नाहीत. एकदोनदा गुडघा सोलवटला की शरीर आपोआप शहाणं होतं आणि सगळं इम्प्रोव्हायझेशन उभ्या उभ्या, छातीच्या उंचीवर चालू राहतं. ब्राझीलचा नाट्यदिग्दर्शक अगुस्तो बोआल याचा तळहाताचा खेळ घ्या. एकाने आपला तळहात दुसऱ्याच्या चेहऱ्यासमोर वीतभर अंतरावर धरायचा आणि त्याला हवं तिकडे न्यायचं; दुसऱ्याने ते अंतर जराही बदलू द्यायचं नाही. उघड्या फरशीवर हात कमरेच्या खाली जातच नाही. मॅटवर पाच मिनिटांत तो जमिनीला टेकतो, मागचा सरपटतो, पाठीवर वळतो, आणि त्याला स्वतःलाच कळतं की आपल्याला एवढं वाकता येतं. खालचा थर, म्हणजे कमरेपासून जमिनीपर्यंतची जागा, अभिनयाला खुला होणं, ही या मॅटची खरी कमाई.

दुसरी कमाई पडण्याची. झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकात मरण आलं की नट ओंडक्यासारखा कोसळतो, आणि खाली लाकडी तख्त असतं. दिवाळीपासून पुढे मंडई-शंकरपटाच्या (गावजत्रा आणि बैलांच्या शर्यतींच्या) मोसमात रात्रीमागून रात्री असं पडायचं तर पडणं शिकून घ्यावं लागतं. क्रम असा. उकिडवं बसायचं, हनुवटी छातीला. ज्या कडेला पडायचं त्या बाजूचा पाय दुसऱ्या पायाच्या पुढून आडवा सरकवायचा. मग पोटरीची बाहेरची कड, मांडी, कुल्ला, बरगडीची बाजू, या ओळीने जमिनीला लागायचं. हात शेवटी, सरळ पसरून, तळवा खाली. पडताना श्वास सोडायचा. चुका तीनच होतात, पण सगळ्यांच्या होतात. हात आधी पुढे जातो, मग मनगट किंवा गळपट्टीचं हाड धोक्यात येतं. गुडघा आधी टेकतो. श्वास कोंडला जातो, त्यामुळे अंग ताठ होऊन डोकं आपटतं. उकिडव्याने सलग दहादा न चुकता जमल्यावरच उभ्याने पडू द्या. एका जोडीला २ बाय २ मीटर जागा हवी. १६ मॅटच्या चौकोनात एका वेळी चार जोड्या बसतात, एक पडतो, दुसरा त्याची हनुवटी आणि हात बघतो. उरलेले बाराजण कडेने. हा सोळाचा हिशोब इथूनच आला. २५ मिलिमीटरवर खांद्यावरून उडी किंवा माणसावर माणूस चढवणं करू नये. तेवढा धक्का ती पेलत नाही.

शिबिराच्या शेवटच्या दोन दिवसांत मॅट काढून घ्या आणि तीच मुलं तख्तावर पाडा. मॅटवर शिकलेलं पडणं पहिल्यांदा लाकडावर जातं तेव्हा आवाजानेच मुलं दचकतात. तो दचका तालमीत आलेला बरा.

आता जिथे मॅट नडते तिकडे येऊ. समूहाच्या कामाचा पाया म्हणजे जागेत चालणं : सगळे खोलीभर चालतात, कोणीतरी एक थांबतो, सगळे थांबतात, एक निघतो, सगळे निघतात. टाळी नाही, इशारा नाही. हे डोळ्यांच्या कडेने जेवढं जमतं तेवढंच कानाने जमतं. वीस जोड्या पायांचा धप-धप आवाज चालू असतो आणि त्यातला एक तुटला की पाठमोऱ्या माणसालाही कळतं. फोम तो आवाज गिळतो. मग मुलं एकमेकांकडे टकामका बघू लागतात, आणि बघायला लागली की नक्कल सुरू होते, ऐकणं संपतं. शेणाने सारवलेलं अंगण या कामाला सगळ्यांत सरस. त्याखालोखाल कोबा.

दुसरं नुकसान रेट्याचं. फ्रेंच नाट्यशिक्षक जाक लकॉक यांनी १९५६ साली पॅरिसमध्ये नाट्यशाळा काढली. तिथे तटस्थ (कुठलाही भाव नसलेला) मुखवटा घालून चालणं तपासतात, कारण चेहरा झाकला की पाय जमिनीला कसा रेटा देतात ते उघडं पडतं. मऊ जमिनीवर तो रेटा फोममध्येच मुरतो. सगळ्यांचं चालणं सारखं दिसायला लागतं आणि मास्तरला दुरुस्त करायला काही सापडत नाही.

याच शाळेतला एक खेळ मात्र मॅटवर अर्धा जमतो. रंगमंच म्हणजे मधोमध एका अणीवर तोललेली परात समजायची. एकजण कडेला गेला की समोरच्या कडेला कोणीतरी जायलाच हवं, नाही तर परात कलंडली. सुरुवातीला मुलं मध्यावर गर्दी करतात किंवा घाण्याच्या बैलासारखी एकाच दिशेने फिरत राहतात. दोन रंगांच्या मॅट आलटून पालटून लावल्या तर पटाची घरं दिसतात, कुठलं घर रिकामं हे चटकन कळतं. दोन दिवस तेवढा आधार द्यावा, मग चुन्याच्या चार खुणा करून उघड्या जमिनीवर यावं. मॅटच्या चौकोनात घरांकडे बघायची सवय लागली की माणसांकडे बघणं राहून जातं.

एकमेकांना तोलून धरण्याचा सराव (पायांचे पंजे पंजांना टेकवून, एकमेकांची मनगटं धरून, दोघांनी मागे झुकायचं) करताना सोळा मॅट दोन पट्ट्यांत लावा आणि मध्ये १ मीटर जमीन मोकळी ठेवा. पाय घट्ट जमिनीवर, पाठीमागे मॅट. फोमवर टाचा रुततात आणि तोल नेमका कुठे आहे ते कळत नाही. बोटं धरू देऊ नका, घामाने सुटतात. पायमोजे दाराबाहेर.

आपल्याकडचा उन्हाळा या मॅटचा वैरी आहे. उन्हात वाळत घातली की ती आकसते, कोपरे वर उचलतात, मग एकीचे दाते दुसरीत बसत नाहीत. पत्र्याच्या छपराखाली मे महिन्यात ठेवूच नका. ओल्या फडक्याने, थोड्या साबणाने पुसून सावलीत सुकवा. नवीन मॅटला उग्र वास असतो. दोनतीन दिवस सावलीत हवेवर राहू द्या. कूलर मॅटच्या तोंडावर लावला की पाच मिनिटांत पृष्ठभाग दमट होतो आणि पाय सटकतात. तो खिडकीकडे वळवा. दात्यांत मुरूम अडकला की सांधा फटकतो, म्हणून रोज अंथरण्याआधी जमीन झाडा आणि दाते कोरड्या ब्रशने साफ करा. उघडी कड २५ मिलिमीटरची पायरीच असते, डोळे बांधून चालण्याच्या सरावात तिच्यावर हमखास ठेच लागते. तिथे कडेच्या उतरत्या पट्ट्या वेगळ्या मिळतात, त्या विसरू नका. डोळे बांधायचे असतील तर मॅट उचलून बाजूला.

पैसे कमी असतील तर? आधी व्हॉलीबॉलवाल्यांच्या गुडघापट्ट्या घ्या, वीस जोड. खालचा थर त्यांनीही बराचसा खुला होतो आणि जमिनीचा आवाज राहतो. भात पिकवणाऱ्या भागात तणस (भाताचा पेंढा) फुकट असतं. बारदान्यात घट्ट भरून, तोंड शिवून चार-सहा पोती केली तर पडण्याच्या सरावाला चालतात. पण आठवड्यात ती दबतात, धुळीने खोकला येतो, पुन्हा भरावी लागतात. सतरंजी मात्र अजिबात नको. गुळगुळीत फरशीवर ती सरकते आणि तिच्या घडीत अंगठा अडकतो. कापसाची गादीही नको, मान वेडीवाकडी वळते.

आमच्या हिशोबात या मॅटला पाचपैकी साडेतीन गुण, तेही सोळाच घेतल्या तर. शिबिर संपलं की भिंतीला उभ्या करून ठेवू नका, वाकतात. जमिनीपासून वर, फळीवर आडव्या रचा. सोळांची चळत ४० सेंटिमीटर उंच होते. वर जाड ताडपत्री घाला आणि कडा दाबून ठेवा, उंदरांना हा फोम भारी आवडतो.