पीडीएफ खरी, तिकीट रद्द

पॅरिसहून झुरिकला जायची आमची चार तिकिटं बनावट नव्हती. हे आधीच सांगते, कारण ऐकणारा प्रत्येकजण "नकली तिकिटं गळ्यात मारली वाटतं" म्हणतो आणि आपण पारखून घेऊ म्हणून निर्धास्त होतो. पारखून आम्हीही घेतली होती. फ्रेंच रेल्वेच्या ॲपमध्ये सहा अक्षरी बुकिंग कोड आणि आडनाव टाकलं की बुकिंग दिसतं, तसं दिसलंही. नावं, डबा, सीट, सगळं बरोबर. त्यानंतर कधीतरी एजंटने ती रद्द केली आणि परतावा स्वतःच्या कार्डावर घेतला.

परतावा ज्या कार्डावरून पैसे भरले त्याच कार्डावर जातो. कार्ड त्याचं, बुकिंगला दिलेला ईमेलही त्याचाच. त्यामुळे तिकीट रद्द झाल्याचा मेल त्याच्याकडे गेला आणि आमच्याकडे राहिली दादरला काढलेली रंगीत प्रिंट. आपल्याकडे बुकिंगला स्वतःचा मोबाइल नंबर असला तर रद्द केल्यावर एसएमएस येतो, आणि गाडीत बसेपर्यंत माणूस पीएनआर चाळत असतो. तिकडे नंबरही एजंटचाच होता.

एजंट सोसायटीच्या ग्रुपवरून मिळालेला. आधी आमच्याच इमारतीतल्या दोघांची विमानाची तिकिटं त्याने नीट काढून दिली होती. म्हणाला, "वहिनी, तुमच्या कार्डावर परदेशी चलनात पैसे भरण्याचा साडेतीन टक्के मार्कअप जाईल, वर जीएसटी. मला रुपयांत द्या, युपीआय करा." पैसे गेले एका बचत खात्यात. बिल मागितलं तर "सगळं एकदम टूर संपल्यावर देतो". आणि स्वस्त तिकिटाऐवजी महागडं, रद्द करता येणारं तिकीट घ्या असा त्याचा आग्रह. कारण दिलं सासूबाईंच्या गुडघ्यांचं: "आईंची तब्येत बिघडली तर पैसे बुडायला नकोत." किती काळजी होती बघा. युरोपात सगळ्यांत स्वस्त तिकिटं बहुतेक वेळा रद्दच करता येत नाहीत, जर्मन रेल्वेचं सुपर स्पारप्राइस तसंच आहे. तसल्या तिकिटात त्याला खायला काहीच उरलं नसतं.

पॅरिसला गार द ल्यों स्टेशनात फलाटावर जायच्या दारापाशी तिकीट स्कॅन होतं. चौघांचंही लाल दाखवलं. खिडकीवरच्या बाईंनी कोड टाकला आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली: रद्द, परतावा दिला. यांनी लगेच फोटो काढला. झुरिक तिथून साधारण चार तासांवर, हॉटेलचे पैसे भरलेले. ऐनवेळची तिकिटं माणशी शंभर युरोंच्या वर गेली. सासरे बॅगेवर बसून होते, एक शब्द बोलले नाहीत, आणि त्यांचं न बोलणं आमच्या घरात चांगलं लक्षण नसतं.

मुंबईत फोन केला तर एजंट शांतपणे म्हणाला, "ती व्हिसासाठीची डमी होती ना, मी बोललो होतो." खरी मेख इथे आहे. शेंगेन व्हिसाच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाच्या, फायलीत प्रवासाचा कार्यक्रम जोडावा लागतो, म्हणून पुष्कळ एजंट रद्द होणारी बुकिंगं करतात आणि व्हिसा लागला की सोडून देतात. धंद्यातली ही रोजची रीत, त्यामुळे त्याला सबब आयती मिळाली. पण डमीचे कोणी पूर्ण पैसे घेत नाही, आणि त्याच्या व्हॉट्सॲप मेसेजमध्ये "कन्फर्म टिकेट्स, फुल पेमेंट रिसीव्हड" असं लिहिलेलं आहे.

तिकडून परतायची वाट न पाहता राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाकली. मुंबईतून दिराने 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला. पैसे देऊन बराच काळ लोटला होता, त्यामुळे त्या खात्यात गोठवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पोलीस ठाण्यात "हा तुमचा आपसातला व्यवहार" असं ऐकवलं गेलं. स्क्रीनचा तो फोटो आणि तो मेसेज शेजारी शेजारी ठेवल्यावर भाषा बदलली. भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचं आहे, हे जाताना माहीत असलेलं बरं.

तिकिटं काढताय तर रेल्वेच्या स्वतःच्या साइटवर काढा, आपल्या ईमेलवर, आपल्या कार्डाने. कार्ड चालत नाही म्हणून लोक एजंट गाठतात, पण रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमामुळे नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंदच येतात. बँकेच्या ॲपमध्ये ते चालू करायचे, एवढंच. एजंटच हवा असेल तर ईमेल तरी तुमचा घालायला लावा. कुरकुरला तर समजा. आणि कोड आज टाकून पाहिलात तरी निघायच्या आदल्या रात्री पुन्हा टाका.

परवा त्याचा निरोप आला, अर्धे पैसे देतो, तक्रार मागे घ्या. सासऱ्यांनी आपणहून फोन हातात घेतला आणि कळवलं: पूर्ण रक्कम, वर झुरिकच्या नव्या तिकिटांचा फरक, आणि तोही युरोच्या आजच्या दराने.